ऑर्किडवरची कीड : घरगुती उपाय किती खरे?

हिवाळ्यात घरातील हीटिंग अखंड चालू झाले, की खिडकीतल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. हा पिठ्या ढेकूण. घरातल्या ऑर्किडची ही सर्वांत चिवट शत्रू-कीड. तिच्या जोडीला पानाच्या मधल्या शिरेलगत तपकिरी टरफलासारखी बसणारी खवले कीड असते आणि कोरड्या हवेत फोफावणारा लाल कोळीही. पान हाताला चिकट लागणे ही पहिली दोन्हींची खूण असली, तरी घाई नको : निरोगी ऑर्किडही फुलांच्या दांड्यावर मधुरसाचे थेंब सोडते. कीड डोळ्यांनी दिसल्यावरच उपचार सुरू करावा.

घरात मुले वावरतात, मांजर पानांना तोंड लावते. त्यामुळे तीव्र रसायने नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ‘घरगुती’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. सर्वांत जास्त नुकसान करतो तो भांडी घासण्याचा द्रव. तो बहुधा साबण नसून डिटर्जंट असतो आणि किडीबरोबर पानावरचा मेणाचा संरक्षक थरही उतरवतो. त्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेला, सुगंधविरहित द्रव साबण पाण्यात अगदी सौम्य मिसळून वापरावा. साबण अंगाला लागलेली कीडच मरते. फवारा वाळला की त्याचा प्रभाव संपतो. म्हणून पानाची खालची बाजू भिजवणे महत्त्वाचे.

पिठ्या ढेकणासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे रबिंग अल्कोहोल प्रभावी ठरते. कापसाचा बोळा त्यात बुडवून प्रत्येक पुंजका टिपून घ्यावा. त्याच्या अंगावरचे मेण विरघळते. खवले किडीचे कवच मात्र जाड असते, ते नखाने किंवा मऊ ब्रशने खरवडावेच लागते. अल्कोहोल फुलांना लावू नये, उन्हात लावू नये आणि अर्थातच पेटत्या गॅसजवळ तर नाहीच.

कडुनिंबाचे तेल आपल्याला आजीच्या बटव्यातले वाटते, पण त्याची कथा पेटंट कार्यालयापर्यंत पोहोचलेली आहे : त्यावर आधारित बुरशीनाशकाला युरोपात दिलेले पेटंट भारतातून झालेल्या आक्षेपानंतर २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये तो निर्णय कायम राहिला. त्यातील अझाडिरॅक्टिन किडीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते, त्यामुळे परिणाम हळूहळू दिसतो. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा तेल व साबणाचे काही थेंब घालून, सतत हलवत, संध्याकाळी फवारावे. आधी एकाच पानावर करून पाहून दोन दिवस थांबावे. अमेरिकेत बागेच्या दुकानांत हे सहज मिळते. ब्रिटनमध्ये मात्र ते कीटकनाशक म्हणून मान्यताप्राप्त नाही.

लाल कोळ्याला तर नळाखाली पाने धुणे हाच उत्तम उपाय. मात्र धुतल्यानंतर पानांच्या मध्यात साचलेले पाणी कागदाने टिपून काढावे. सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीप्रमाणे फॅलेनॉप्सिसही मूळची झाडावर वाढणारी आमरी आहे. तिथे ती कललेली असते आणि पाणी निथळून जाते. कुंडीत ती उभी असते, पाणी साचते आणि गाभा कुजतो. कीड महिन्यांनी मारते, कुज काही दिवसांत.

इंटरनेटवर गाजणारी दालचिनीची पूड कापलेल्या पानाच्या जखमेवर ठीक, पण मुळांवर टाकल्यास ती मुळे सुकवते. लसूण-मिरचीच्या पाण्याचा फारसा भरवसा धरू नये.

एका फवाऱ्याने काम होत नाही, कारण अंडी त्यातून वाचतात. आठवड्याच्या अंतराने चार-पाच वेळा उपचार करावा आणि तोवर झाड इतरांपासून दूर ठेवावे. तरीही कीड परतली, तर ती मुळांत दडलेली असू शकते : कुंडी रिकामी करून जुनी साल फेकावी, मुळे धुवावीत, कुजलेली कापावीत आणि नव्या सालीत झाड लावावे. त्यानंतरही पुंजके दिसले आणि शेजारी इतर ऑर्किड असतील, तर ते झाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाकणेच शहाणपणाचे.