हिरव्या मिरचीची गोठवण : शीतगृह वेगळे, गोठवण वेगळी

खारून व शिवनाथ नद्यांच्या खोऱ्यातील रायपूर, दुर्ग आणि बेमेतरा या भागात भाताच्या जोडीला भाजीपाला घेणारे अनेक शेतकरी आहेत. मिरचीचे तोडे एकापाठोपाठ सुरू झाले की बाजारातील आवक वाढते आणि कित्येकदा तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा वेळी उरलेला माल जवळच्या शीतगृहात ठेवण्याचा विचार साहजिकच मनात येतो. तथापि, तापमानाची नेमकी माहिती नसल्यास त्यातून नुकसानच पदरी पडते.

तापमानाचे गणित

तोडणीनंतरही मिरचीचे श्वसन चालू राहते. 7 ते 10 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 ते 95 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ती दोन ते तीन आठवडे ताजी राहते. बटाट्याच्या शीतगृहात तापमान साधारणतः 2 ते 4 अंश असते. तेथे ठेवलेल्या मिरचीला शीतइजा होते. सालीवर खोलगट चट्टे पडतात, बिया तपकिरी होतात आणि बाहेर काढताच फळे झपाट्याने सडू लागतात. उणे 18 अंश किंवा त्याखालील तापमानात मात्र श्वसन व सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, विकरांची क्रिया अत्यंत मंदावते आणि मिरची 8 ते 12 महिने वापरण्याजोगी राहते. थोडक्यात, मिरची एकतर 7 अंशांच्या वर ठेवावी किंवा पूर्णपणे गोठवावी.

गोठवणीची पद्धत

1. निरोगी, टणक फळेच निवडावीत. फळकुज झालेली वा कीडग्रस्त फळे वेगळी काढावीत. गोठवणीमुळे कीडनाशकांचे अवशेष नष्ट होत नाहीत, म्हणून फवारणीनंतरचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्यावरच तोडणी करावी.

2. फळे स्वच्छ पाण्याने धुऊन देठ काढावेत आणि सावलीत पूर्ण कोरडी करावीत. ओलावा राहिल्यास फळे एकमेकांना चिकटतात. हाताळताना हातमोजे वापरावेत.

3. तिखट मिरचीला उकळत्या पाण्याची प्रक्रिया देण्याची आवश्यकता नाही.

4. फळे ताटात एका थरात पसरून गोठवावीत. कडक झाल्यावर जाड पिशवीत भरून हवा काढावी, तोंड बंद करावे आणि दिनांक लिहावा.

वेग महत्त्वाचा

मिरचीत बहुतांश भाग पाण्याचा असतो. गोठवण मंदगतीने झाल्यास पाण्याचे मोठे स्फटिक तयार होऊन पेशीभित्तिका फाटतात आणि वितळल्यावर फळ लिबलिबीत होते. डीप फ्रीझरच्या दर लिटर क्षमतेमागे एका दिवसात 30 ते 50 ग्रॅमपेक्षा अधिक ताजा माल भरू नये. या हिशेबाने 300 लिटरच्या फ्रीझरमध्ये दिवसाला सुमारे 9 ते 15 किलो मिरचीच गोठविता येते. एक क्विंटल मिरची एकाच दिवशी कोंबल्यास आधी गोठलेल्या मालाचे तापमानही वाढते. त्यामुळे घरगुती फ्रीझर हा कुटुंबाच्या, खानावळीच्या वा बचत गटाच्या गरजेपुरता उपाय आहे. मोठ्या मालासाठी उणे 30 ते उणे 40 अंशांच्या थंड हवेच्या झोतात जलद गोठवण करणारी यंत्रणा लागते. तिचा विचार शेतकरी उत्पादक कंपनीने खरेदीदार निश्चित झाल्यावरच करावा.

मर्यादा

गोठविलेली मिरची पुन्हा ताज्या मिरचीसारखी कुरकुरीत होत नाही, म्हणून ती ताज्या बाजारात विकता येत नाही. भाजी, वरण, ठेचा आणि चटणीसाठी मात्र ती उत्तम ठरते, कारण तिखटपणा देणारे कॅप्सेसिन गोठवणीत टिकून राहते. ती न वितळविता थेट फोडणीत टाकावी. एकदा वितळलेली मिरची पुन्हा गोठवू नये, कारण गोठवणीमुळे सूक्ष्मजीव मरत नाहीत, केवळ निष्क्रिय राहतात.

वीज गेल्यास फ्रीझर उघडू नये. पूर्ण भरलेला बंद फ्रीझर साधारणतः 48 तास, तर अर्धा भरलेला 24 तास माल गोठलेला राखतो. रायपूरच्या मे महिन्यातील उष्णतेत हा अवधी कमीच धरावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना प्रथम मालाचा अंतिम वापर विचारावा. दोन-तीन आठवड्यांत विक्री होणार असेल तर 7 ते 10 अंशांची साठवण, स्वयंपाकासाठी वर्षभर हवी असेल तर गोठवण, आणि वीजपुरवठा खात्रीचा नसेल तर मिरची झाडावर लाल होऊ देऊन वाळविणे किंवा सांडगी मिरची करणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. अधिक मार्गदर्शनासाठी नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.