विश्लेषण : न बांधलेल्या गावाचे चित्र १८३८ मध्ये का छापले गेले?

लंडनमध्ये १८३८ साली एक छापचित्र प्रसिद्ध झाले. आकाशातून पाहावी तशी भव्य चौकोनी वसाहत आणि भोवती मोकळा मुलूख. ठिकाण अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील न्यू हार्मनी. प्रत्यक्षात ही वसाहत कधी उभीच राहिली नाही, आणि जिच्यासाठी ती आखली ती चळवळ तिथे १८२७ मध्येच मोडली होती.

योजना कोणाची?

रॉबर्ट ओवेन हे स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क सूतगिरणीचे व्यवस्थापक आणि भागीदार. दहा वर्षांखालील मुलांना त्यांनी कामावर घेणे बंद केले, शाळा काढली आणि तरीही गिरणी नफ्यात ठेवली. त्यातूनच शेती व कारखाने एकत्र चालवणाऱ्या, सामाईक मालमत्तेच्या गावांची कल्पना पुढे आली. १८२५ मध्ये त्यांनी वाबाश नदीकाठचे हार्मनी गाव जॉर्ज रॅप यांच्या धर्मपंथाकडून विकत घेतले. पण ते तात्पुरते बिऱ्हाड. खरे गाव वास्तुरचनाकार स्टेडमन व्हिटवेल यांनी कागदावर उभारले : सुमारे १००० फुटांची एकेक बाजू, २००० रहिवासी, कडेने घरे, आत सामाईक भोजनगृहे आणि शाळा. याची प्रतिकृती व्हाइट हाऊसमध्येही ठेवली गेली. (याच व्हिटवेल यांनी बांधलेले लंडनचे ब्रन्सविक थिएटर १८२८ मध्ये उद्घाटनानंतर तीनच दिवसांत कोसळले.)

विहंगम दृश्यच का?

नकाशा जाणकारालाच कळतो. चित्र गिरणी कामगारालाही कळते. शिवाय इतक्या उंचीवरून सगळे नीटनेटकेच दिसते. चिखल, अपुरी घरे, कोणी किती काम करायचे यावरची भांडणे चित्रात येत नाहीत. न्यू हार्मनीत नेमके तेच घडले. शेकडो माणसे आली, पण कसबी कारागीर थोडे. ओवेन बराच काळ बाहेरगावी. वसाहतीची घटना वारंवार बदलली गेली.

मग पुन्हा छपाई कशासाठी?

१८३८ चे चित्र ओवेन यांच्याच ‘असोसिएशन ऑफ ऑल क्लासेस ऑफ ऑल नेशन्स’ने काढले. फसलेले गाव तिने नव्या गावाची जाहिरात म्हणून वापरले. आता प्रयोग इंग्लंडमध्येच करायचा होता. १८३९ मध्ये हॅम्पशायरमधील क्वीनवुड येथे तो सुरू झाला. ती वसाहत १८४५ मध्ये बंद पडली.