दहा नंबरचा आयमार, शेजारच्या खुर्चीत

26 नोव्हेंबर 2022. कतारमधलं लुसैल स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध मेक्सिको. चारच दिवसांपूर्वी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असं हरवून त्यांची सलग 36 सामने न हरण्याची मालिका मोडली होती. आज हरले तर थेट घरची वाट. 64व्या मिनिटाला दि मारियाचा पास मेस्सीने पायात घेतला आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरून जमिनीलगत सणसणीत फटका हाणला. गोल! कॅमेरा डगआउटकडे वळला, तर तिथे किरकोळ अंगाचा एक माणूस रडत होता. तो पाब्लो आयमार, संघाचा सहायक प्रशिक्षक. गोल करणाऱ्या मेस्सीचा लहानपणापासूनचा आदर्श खेळाडू.

हा माणूस मूळचा कोर्दोबा प्रांतातल्या रिओ क्वार्तोचा. रिव्हर प्लेट क्लबमध्ये घडला आणि 2001च्या जानेवारीत स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडे गेला. त्या क्लबला 1971नंतर लीगचं विजेतेपद मिळालं नव्हतं. आयमार आल्यावर ते 2002 साली मिळालं आणि 2004 साली पुन्हा मिळालं, तेव्हा सोबत युएफा कपही आला.

तो खेळायचा ती जागा मला फुटबॉलमधली सगळ्यात नवलाची वाटते. प्रतिस्पर्ध्याची बचावफळी आणि त्यांची मधली फळी यांच्यामध्ये काही पावलांची मोकळी पट्टी असते. दहा नंबरवाल्याने, म्हणजे हल्ला रचणाऱ्या मिडफिल्डरने, नेमका तिथे चेंडू घ्यायचा. समोर बचावपटू, पाठीमागून धावत येणारा कोणीतरी, आणि हातात जेमतेम एक-दोन सेकंद. एवढ्यात विचार करणं शक्यच नसतं, म्हणून विचार आधीच उरकलेला असावा लागतो. नॉर्वेचे संशोधक गेयर योरडेट यांनी खेळाडूंवर रोखलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणातून हेच तपासलं. चेंडू पायात येण्याआधीच्या काही सेकंदांत जो मिडफिल्डर खांद्यावरून जास्त वेळा मागे बघतो, त्याचे पास जास्त अचूक जातात, असं त्यांना आढळलं. गर्दीच्या रस्त्यावर सराईत दुचाकीस्वाराची नजर सतत आरशांकडे जात असते, तसंच काहीसं. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा थोडा वेळ चेंडू सोडून एखाद्या मिडफिल्डरची फक्त मान बघा. त्याच्या पायांत काय चाललंय ते मग जास्त चांगलं कळतं.

अशा खेळाडूचं दुर्दैव असं, की आघाडी राखायची वेळ आली की प्रशिक्षक आधी त्यालाच बाहेर काढतात. 2001च्या मे महिन्यात मिलानला बायर्न म्युनिकविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. व्हॅलेन्सिया 1-0 पुढे होती. मध्यंतरात आयमारला बसवून बचावाकडे झुकणाऱ्या अल्बेल्डाला उतरवलं गेलं. पुढे बायर्नने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर व्हॅलेन्सिया हरली. बाकावरून सामना कसा दिसतो, हे आयमारला फार लवकर बघावं लागलं.

मग सारागोसा, बेनफिका, मलेशियातला जोहोर संघ, आणि दुखऱ्या घोट्यासह 2015 साली रिव्हरकडे परत. तिथेच निवृत्ती.

2017 साली तो अर्जेंटिनाच्या सतरा वर्षांखालील मुलांना शिकवू लागला. 2018च्या विश्वचषकात संघाची धूळधाण झाल्यावर लिओनेल स्कालोनीकडे वरिष्ठ संघ हंगामी म्हणून सोपवला गेला आणि आयमार त्याच्या सोबतीला आला. हे दोघे 1997 साली मलेशियात युवा विश्वचषक जिंकलेल्या संघात एकत्र होते. स्कालोनीच्या इतर सहायकांपैकी वॉल्टर सॅम्युएलही त्याच संघातला, आणि रॉबर्तो आयाला तर व्हॅलेन्सियात आयमारच्या मागे बचाव सांभाळायचा. एकेकाळी एकमेकांना पास देणारी ही मंडळी आता एकाच बाकावर बसतात. त्यांना एकमेकांना किती कमी शब्दांत सांगावं लागत असेल!

सहायक प्रशिक्षकाच्या कामाला गुणफलकात रकाना नसतो. सराव आखणं, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती बघणं, वगळलेल्या खेळाडूशी बोलणं, आणि सामना चालू असताना मुख्य प्रशिक्षकाची नजर चेंडूवर असेल तेव्हा बाकीच्या मैदानावर लक्ष ठेवणं. शेवटचं काम तर मिडफिल्डरने आयुष्यभर केलेलंच असतं. फक्त आता पाय दुसऱ्याचे असतात.

मेक्सिकोविरुद्ध 57व्या मिनिटाला असेच नवे पाय मैदानात उतरले. एन्झो फर्नांडेस, वय 21. रिव्हरमध्ये घडलेला आणि तेव्हा बेनफिकाकडून खेळणारा, म्हणजे आयमारच्याच दोन क्लबांचा. 87व्या मिनिटाला त्याने दुसरा गोल केला. पुढच्या, पोलंडविरुद्धच्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि तिथे त्याच्याच पासवर हुलियान अल्वारेसने गोल केला. अंतिम सामन्यापर्यंत त्याने जागा सोडली नाही. विश्वचषक अर्जेंटिनाने जिंकला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला एन्झो.