मोटारीचा लहरी बिघाड

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथली पहाट गार असते, उन्हाळ्यातली दुपार चांगलीच तापते आणि सायंकाळी वळवाची सर अवचित येऊन जाते. हे सारे अंगावर घेत रस्त्याकडेला उभी राहणारी मोटार सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू व्हावी, दुपारी बाजाराच्या दारात हटून बसावी आणि अर्ध्या तासाने आपण होऊन ताळ्यावर यावी, हा अनुभव तेथील मोटारवाल्यांना नवा नाही.

साफ बंद पडलेली मोटार परवडली, पण अशी लहरी मोटार नको, असे जाणते कारागीर म्हणतात ते उगीच नव्हे. बंद मोटारीतला दोष जागच्या जागी असतो. लहरी मोटारीतला दोष गॅरेजच्या दारात पोहोचताच दडी मारतो. मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. शहरातील जयचामराजेंद्र रस्त्यावर सुट्या भागांच्या दुकानांची कमतरता नाही. आज बॅटरी, उद्या प्लग, परवा सेल्फ अशी खरेदी होत राहते. पैसा जातो आणि दोष मात्र शिल्लक राहतो. टॅक्सीवर ज्याचे पोट आहे, त्याची तर खर्चापायी आणि बुडालेल्या फेऱ्यांपायी दुहेरी हानी होते.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला पेट घेण्यासाठी मुख्यतः इंधन आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. १८८८ साली बर्था बेंझ या जर्मन महिलेने आपल्या पतीने बनविलेल्या मोटारीतून मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली, असे सांगतात. पुढे १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा सेल्फ आला, हँडल मारण्याचा त्रास गेला आणि बिघाडाला आणखी एक जागा मिळाली.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरते की नाही? फिरतच नसेल, तर बॅटरी, तिच्या तारा, सेल्फ आणि त्याचा स्विच एवढीच मंडळी संशयित ठरतात. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर प्रथम ठिणगी आणि इंधन यांची चौकशी करावी. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळसे भाग संशयातून मुक्त होतात.

दिवे लख्ख लागतात म्हणजे बॅटरी आणि तिच्या तारा ठीक आहेत, असे अनेकजण समजतात. तेथेच फसगत होते. पुढच्या दोन दिव्यांना साधारण १० अँपिअर प्रवाह पुरतो; सेल्फला १५० किंवा त्याहूनही अधिक लागतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट क्षार साचून ओहमच्या पन्नासाव्या भागाइतकाच विरोध निर्माण झाला आहे, असे समजू. दिव्यांचा प्रवाह तेथून जाताना जेमतेम ०.२ व्होल्ट खर्ची पडतो. कोणाला कळतही नाही. सेल्फला हवा असलेला १५० अँपिअर प्रवाह तेथून न्यायचा तर ३ व्होल्ट गळावे लागतात, आणि १२ व्होल्टांच्या बॅटरीवर सेल्फ उपाशी राहतो. सांधा खड्ड्याच्या धक्क्याने हलला की कधी जोड पक्की बसते, कधी सुटते. लहर म्हणतात ती हीच. सेल्फ मारीत असताना व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरे तिला आवळणाऱ्या क्लॅम्पवर धरले, की चोर सापडतो. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थची तारही अशीच तपासावी.

नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन स्तब्ध राहिले आणि सेल्फवर लाकडी मुठीने हलके ठोकताच ते फिरले, तर सेल्फमधील झिजलेल्या कार्बनांवर संशय घ्यावा. ठोकणे हा पुरावा आहे, उपचार नव्हे.

इंजिन फिरूनही पेट घेत नसेल, तर हवामान साक्ष देते. पावसात किंवा दमट पहाटे हटणाऱ्या जुन्या मोटारीत डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावरील ओलाव्यातून ठिणगीची वीज निसटते. बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९७ अंश सेल्सियसला उकळते. पेट्रोलही तसेच लवकर वाफ धरते. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या अँबॅसडर किंवा पद्मिनीसारख्या मोटारीत उन्हात पंपात वाफ कोंडून पुरवठा तुटे, आणि चालक पंपावर ओले फडके ठेवीत. आजच्या मोटारीत टाकीतला पंप इंधन दाबाखाली ठेवतो, म्हणून हा प्रकार क्वचित घडतो. तेथे तापल्यावर मुका होणारा आणि निवल्यावर बोलू लागणारा क्रँकचा सेन्सर, किंवा पंपाचा रिले, तपासावा लागतो. किल्लीतील चिप ओळखली गेली नाही, तरीही इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी मीटरजवळचा किल्लीचा दिवा बहुधा खूण देतो.

या सर्वांसाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. मोटार हटेल त्या प्रत्येक वेळी तारीख, वेळ, ऊन की पाऊस, इंजिन गरम की गार, कोणता आवाज आला, कोणता दिवा लागला, हे लिहून ठेवावे. पाच-सहा नोंदी झाल्या की लहरीमागचा नियम बहुधा दिसू लागतो, आणि दोष मुद्दाम घडवूनही आणता येतो. तो हजर असतानाच मोजमाप करावे आणि एका वेळी एकच भाग बदलावा. दोन बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. तपासताना गीअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा, आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असल्याने तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये. अशी वही घेऊन येणारा मालक कारागिराचा अर्धा दिवस वाचवितो आणि स्वतःचा पैसाही.