सवय झाली म्हणजे बाधा टळली असे नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या तंबाखूवरून आजवर जी भांडणे झाली ती भावाची आणि मजुरीची. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. त्याच सुमारास वखारींत तंबाखू चाळणाऱ्या-पाखडणाऱ्या बायका संघटित झाल्या. १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने त्यांच्यावर माहितीपटही केला. दोन्ही लढे रास्तच होते. पण तंबाखू पिकवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या माणसाच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न मागेच राहिला. ओढणाऱ्याला आणि खाणाऱ्याला सावध करायला पाकिटावर चित्र छापले जाते. खुडणाऱ्या हातांबद्दल मात्र ‘सुरुवातीला त्रास होतो, मग अंगवळणी पडते’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. शरीरातल्या एका यंत्रणेला निकोटिन अंगवळणी पडते. पण आजाराकडे नेणारी यंत्रणा वेगळीच आहे आणि तिला सवय नावाची गोष्ट ठाऊक नाही.

आधी पहिल्या यंत्रणेकडे पाहू. तंबाखूच्या पानावर दव असले, की पानातले निकोटिन त्या पाण्यात उतरते. शेंडा खुडताना, फुटवे काढताना किंवा कापणी करताना बाह्या भिजतात, हाताला चिकट राळ बसते आणि निकोटिन कातडीतून थेट रक्तात जाते. तोंडात चिमूट न टाकताही त्या दिवशी मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. याचे कारण पेशींच्या आवरणात बसलेले प्रथिनांचे रेणू, म्हणजे रिसेप्टर. त्यांची कल्पना रुजवण्यात तंबाखूचाच मोठा वाटा आहे. १९०५ साली केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन लावले. मज्जातंतू निकामी झालेला असतानाही स्नायू आकसला आणि क्युरारे हे विष लावताच तो परिणाम दबला. तेव्हा स्नायूच्या पेशीतच निकोटिनला प्रतिसाद देणारे काही द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपल्याला ठाऊक आहे, की हा रिसेप्टर पाच तुकड्यांचा असून मधोमध एक छिद्र असते. शरीराचा स्वतःचा निरोप्या असेटिलकोलिन येऊन बसला की छिद्र उघडते, सोडियम आत शिरते आणि पेशी जागी होते. निकोटिन नेमके तिथेच बसते. असे रिसेप्टर स्नायूंत, मेंदूत आणि आतड्या-हृदयाच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात असल्यामुळे एकाच विषाने पोट, डोके आणि छाती तिन्ही बिघडतात.

मग काही दिवसांनी त्रास कमी का होतो? १९५७ साली बर्नार्ड कात्झ आणि स्टीफन थेस्लेफ यांनी दाखवले, की असेटिलकोलिन रिसेप्टरवर टिकून राहिले तर रिसेप्टर प्रतिसाद देणे थांबवतो. रेणू बसलेला असतो, पण छिद्र उघडत नाही. निकोटिनही हेच करते. जुन्या मजुराला उलटी होत नाही त्यात या बधिरपणाचा मोठा वाटा आहे. निकोटिन तेवढेच आत येते, फक्त त्याची वर्दी पोचत नाही. घंटा वाजायची थांबली म्हणून आग विझली असे आपण घरात मानत नाही. शेतात आणि वखारीत मात्र नेमके तेच मानले जाते.

दुसरी यंत्रणा एन्झाइमांची. रक्तातले बहुतेक निकोटिन यकृतातले एक एन्झाइम कोटिनिनमध्ये बदलते. निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते, कोटिनिनला मात्र सोळा-एक तास लागतात. म्हणून लघवीतले कोटिनिन मोजून शरीरात किती निकोटिन गेले याचा अंदाज घेता येतो. पण पान सुकताना आणि मुरताना त्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्येही तयार होतात. त्यांतल्या दोन प्रमुख द्रव्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारी ठरवले आहे. मूळ रूपात ही द्रव्ये डीएनएला चिकटत नाहीत. शरीरातलीच एन्झाइमे त्यांना बाहेर टाकण्यासाठी बदलू लागतात आणि त्या खटपटीत डीएनएला चिकटणारे रेणू तयार होतात. अशा उपद्रवी रेणूंपैकी अनेकांना निकामी करायला पेशीत ग्लुटाथायोन असते, पण त्याचा साठा अमर्याद नसतो. दहा वर्षे काम केले म्हणून ही एन्झाइमे थकून थांबत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आमच्या आज्यांनी जन्मभर तंबाखू चाळला, त्यांना काय झाले? पण ज्यांना सोसले नाही त्यांनी काम सोडले, त्या या हिशेबात कधी येतच नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वखारीतल्या कितीतरी बायका मिश्री लावतात, तंबाखू खातात; मग दोष कामाचा की सवयीचा? याचे उत्तर काही अंशी कामगारांची इतरांशी तुलना करणाऱ्या संशोधनातून मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेत रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातल्या कामगारांचे रक्त आणि लघवी तपासली. कामगारांच्या लघवीत कोटिनिन सापडले, पेशींतले ग्लुटाथायोन घटलेले दिसले आणि गुणसूत्रांतले बिघाड वाढलेले आढळले. गुणसूत्राचा बिघाड म्हणजे कर्करोग नव्हे, हे मान्य. पण तो त्या वाटेवरचा टप्पा आहे आणि अंगाला काहीच जाणवत नसताना तो घडतो.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. हे सगळे बोलून पीक बंद पाडायचे आहे का? तसे मुळीच नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातमधल्या तंबाखू मजुरांवर केलेल्या अभ्यासात हातमोज्यांनी शरीरात जाणारे निकोटिन कमी होते, असे दिसले. दव उडाल्यावर खुडणी सुरू करणे, भिजलेले कपडे बदलणे, जेवणाआधी साबणाने हात धुणे, चाळणीच्या जागी हवा खेळती ठेवणे, यातले काहीही अशक्य नाही. हातमोज्यात घाम येतो आणि काम मंदावते ही तक्रार खरी आहे. म्हणूनच त्या मंदावण्याची किंमत मजुराच्या माथी मारता येणार नाही, ती दरात धरावी लागेल. कारखान्यातल्या अपायकारक धुळीची दखल १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घेतली होती, पण शेतातले ओले पान त्या कक्षेबाहेरच राहिले. विडी तंबाखूच्या वाणांवर काम करणारे धारवाड कृषी विद्यापीठाचे केंद्र निपाणीतच आहे आणि वैद्यकीय महाविद्यालये बेळगावात आहेत. हंगामाच्या आधी आणि मध्ये मजुरांच्या लघवीतले कोटिनिन तपासणे या दोघांना मिळून सहज जमण्यासारखे आहे. तो आकडा हाती असला की मजुरीच्या वाटाघाटीत ‘सवय आहे त्यांना’ हे उत्तर चालणार नाही. भावासाठी ज्या भागाने रस्ता अडवला, त्याला आरोग्याचा हक्क मागायला नवे शिकावे लागणार नाही; मागणीच्या यादीत तो लिहिला गेला पाहिजे इतकेच.