हृद्रोगाच्या इतिहासातील राहून जाणारा प्रश्न

काही वर्षांपूर्वी शेहेचाळीस वर्षांची एक गृहिणी छातीतील जळजळीसाठी माझ्या नागपुरातील चिकित्सालयात आली. आम्लपित्त समजून मी अविपत्तिकर चूर्ण दिले. आठवड्याच्या आत तिला हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने ती वाचली. पुढे सासूबाईंकडून कळले की, धाकट्याच्या वेळी तिचा रक्तदाब वाढून अंगावर सूज आली होती आणि आठव्या महिन्यातच प्रसूती करावी लागली होती. मी ते विचारलेच नव्हते.

सुश्रुताचार्यांनी चौथ्या महिन्यातील गर्भिणीस ‘दौहृदिनी’ म्हटले आहे. तेथील विषय दोहदांचा आहे. त्यातून हृद्रोगाचे निष्कर्ष ओढूनताणून काढू नयेत. तथापि गर्भावस्थेत रक्तरसाचे प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढते व तो भार मातेच्या हृदयास वाहावा लागतो, हे खरे. प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रियांत पुढे हृद्धमनीविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे 2007 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील संकलित अभ्यासात दिसून आले.

आणि पित्याचे काय? 60 ते 79 वयाच्या ब्रिटिश स्त्री-पुरुषांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. दोन अपत्ये असणाऱ्यांत हृद्रोग सर्वांत कमी होता; पुढील प्रत्येक अपत्यागणिक त्याची शक्यता स्त्रियांत 30, तर पुरुषांत 12 टक्क्यांनी वाढलेली होती. स्थौल्यादी घटक हिशेबात घेताच पुरुषांतील वाढ नाहीशी झाली, स्त्रियांतील काही अंशी उरली. पुरुषाला गर्भभार नसतो. त्याच्या वाट्याला येतो तो घरचा आहार-विहार. (बाळंतिणीच्या डब्यातील डिंकाचे लाडू कोण संपवतो, हे प्रत्येक घरास ठाऊक आहे.) उलटपक्षी, 2011 च्या एका अमेरिकन पाहणीत निरपत्य विवाहित पुरुषांत हृद्रोगाने होणारे मृत्यू काहीसे अधिक आढळले. तेथे वंध्यत्वामागील मूळ अस्वास्थ्यच कारण असू शकेल.

महाराष्ट्राचा जननदर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 होता. अपत्यसंख्येपेक्षा गर्भारपणी काय घडले, हा प्रश्न आपल्याकडे म्हणूनच अधिक मोलाचा.

आता माझ्या केसपेपरवर गर्भावस्थेतील रक्तदाब, साखर, सूज व अकाली प्रसूती यांसाठी रकाना आहे. औषधी विक्रेत्या बंधूंनाही विनंती: दीड महिन्याचा सूतिकाकाळ संपल्यावर कोणी बाळंतकाढा वा सौभाग्यशुंठी पाक पुन्हा मागितला, तर बाटली देण्यापूर्वी रक्तदाब केव्हा मोजला होता, एवढे अवश्य विचारावे.