एपीपीची शेपटी कोण धरतं?

जुहू चौपाटीवर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत गुडघे आणि साखर यांच्या जोडीला आता विस्मरणही येऊन बसलं आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं मांडला. त्यातला मोठा वाटा अल्झायमरचा. त्यामुळे या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यांसाठीचा ‘अमायलॉइड’ हा शब्द आता रिपोर्टांतून आणि फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजांतून घरोघरी पोचला आहे. त्याच्याबरोबर काही समजही पोचले आहेत आणि ते तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : अमायलॉइड ज्यातून निघतं ते प्रथिन मुळातच घातक आहे.

या प्रथिनाचं नाव एपीपी, म्हणजे अमायलॉइड प्रिकर्सर प्रोटीन. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून अमायलॉइड-बीटा हा छोटा तुकडा १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी वेगळा केला. तो ज्या प्रथिनातून सुटतो त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असल्याचं १९८७ मध्ये कळलं. म्हणजे आधी रोग सापडला, मग प्रथिन, आणि त्याची बदनामी तिथूनच सुरू झाली.

प्रत्यक्षात निरोगी माणसाची प्रत्येक चेतापेशी एपीपी तयार करते. एपीपी आणि त्याचं भावंड एपीएलपी-२ ही दोन्ही काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर लवकरच मरतात. एपीपी कुटुंबातली तिन्ही प्रथिनं काढली, तर मेंदूच्या बाह्यकात चेतापेशी आपली हद्द ओलांडून भलतीकडे जातात. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की पेशीच्या आत एपीपीशी जोडल्या जाणाऱ्या फे-६५ गटातली दोन प्रथिनं काढली, तरी जवळपास तसाच बिघाड दिसतो. मेंदूची घडण होताना एपीपी एकटं काम करत नाही, हे यावरून दिसतं.

अमायलॉइड-बीटाही फक्त आजारी मेंदूत बनतं असं नाही. निरोगी माणसाच्या मेंदूत ते आयुष्यभर थोडं थोडं बनतं आणि निचरून जातं. किती बनतं, कुठल्या लांबीचं बनतं आणि किती निचरतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

गैरसमज : एपीपीचं काय होणार हे फक्त त्याला कापणारी विकरं ठरवतात.

विकरं कापतात हे खरंच. अल्फा-सिक्रिटेज एपीपीला अमायलॉइड-बीटाच्या आतच छेदतं, त्यामुळे तो तुकडा तयारच होत नाही. बीटा आणि नंतर गॅमा सिक्रिटेजनं कापलं, तर तो सुटतो. प्रश्न असा, की एकाच प्रथिनाच्या वाट्याला कधी हे विकर येतं आणि कधी ते, असं का?

उत्तर बरंचसं जागेत आहे. अल्फाचं काम मुख्यतः पेशीच्या बाह्य पटलावर चालतं. बीटाला आम्लधर्मी वातावरण मानवतं, म्हणून ते पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये, एंडोसोममध्ये जोरात असतं. एपीपी पटलावर किती वेळ थांबतं, किती लवकर आत ओढलं जातं, कुठं पाठवलं जातं, यावर त्याचं भवितव्य ठरतं. ही ने-आण ठरवण्यात मोठा हात आहे अॅडॅप्टर प्रथिनांचा.

एपीपीचा बहुतांश भाग पेशीबाहेर असतो. पेशीच्या आत असते जेमतेम ४७ अमिनो आम्लांची शेपटी. तिच्यात वाय-ई-एन-पी-टी-वाय अशा सहा अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे. फे-६५, एक्स-११ (यालाच मिंट असंही म्हणतात) आणि जिप-१ ही अॅडॅप्टर प्रथिनं याच भागाला येऊन धरतात. ती स्वतः काही कापत नाहीत. एपीपीला दुसऱ्या प्रथिनांशी जोडून देणं हे त्यांचं काम. जागा अपुरी, इच्छुक अनेक. शिवाय शेपटीवरच्या (पूर्ण प्रथिनात मोजता) ६६८व्या स्थानावर फॉस्फेट बसला, की फे-६५ची पकड ढिली होते. पेशीतले संदेश अशा रीतीनं थेट एपीपीच्या प्रवासात हात घालतात.

या प्रवासाची लांबी लक्षात घ्या. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अॅक्सॉन, म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू, मीटरभर लांब असतो. प्रथिनं बनतात प्रामुख्यानं पेशीच्या मुख्य भागात, आणि तिथून ती सूक्ष्मनलिकांवरून मोटर प्रथिनं ओढत नेतात. कायनेसिन टोकाकडे नेतं, डायनीन माघारी आणतं. जिप-१ हे एपीपीच्या पिशवीला या मोटरांशी जोडणारं कपलिंग आहे, आणि लोकलसारखीच दोन्ही दिशांना धावू शकणारी ही गाडी कुठल्या दिशेला सुटणार, हेही तेच ठरवतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेंग-मेंग फू आणि एरिका होल्झबाउर यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की जिप-१च्या ४२१व्या स्थानावर फॉस्फेट असला तर एपीपी पुढे धावतं, नसला तर मागे फिरतं. एका फॉस्फेटवर दिशा बदलावी, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

अशा वाहतुकीवरचं काम मुंबईतही होतं. जुहूहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत अॅक्सॉनमधली वाहतूक अभ्यासते. या कृमीत चेतापेशी फक्त ३०२ आणि शरीर पारदर्शक, त्यामुळे जिवंत प्राण्यात वाहतूक सुरू असताना सूक्ष्मदर्शकातून पाहता येते. या गटानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अंक-१६ हे अॅडॅप्टर सिनॅप्सकडे, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाकडे, जाणाऱ्या प्रथिनांची सुरुवातीची वर्गवारी नियंत्रित करतं, असं दिसलं. अंक-१६ म्हणजे आपल्या शरीरातल्या जिप-३चा कृमीतला भाऊबंद. हा अभ्यास एपीपीवर नव्हता, पण कुठला माल कुठल्या पिशवीत भरायचा हे अॅडॅप्टर ठरवतात, हे तत्त्व तेच आहे.

गैरसमज : यातलं एखादं अॅडॅप्टर ‘चांगलं’, एखादं ‘वाईट’.

एक्स-११ घ्या. पेशींमध्ये ते वाढवलं की अमायलॉइड-बीटा घटतं. त्याच गटातलं एक प्रथिन काढलेल्या उंदरांत अमायलॉइड-बीटा वाढल्याचं २००६ मध्ये एका गटानं नोंदवलं. इथवर ते रक्षक वाटतं. पण २००८ मध्ये दुसऱ्या गटानं अल्झायमरच्या उंदीर-प्रारूपात मिंट प्रथिनं काढली, तर अमायलॉइड कमी झालं! कुठल्या उंदरात, कुठल्या वयात, गटातलं नेमकं कुठलं प्रथिन काढलं, यावर उत्तर पालटतं. म्हणून ‘अमुक प्रथिन रोखा, अल्झायमर टळेल’ अशी बातमी वाचली, की तो प्रयोग कशावर झाला होता हे आधी शोधावं.

गैरसमज : विकरं बंद केली की प्रश्न मिटला.

हे करून पाहिलं गेलं. गॅमा-सिक्रिटेज रोखणाऱ्या सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली, कारण रुग्णांची आकलनशक्ती उलट अधिक ढासळली. हे विकर एपीपीखेरीज नॉचसारखी इतरही आवश्यक प्रथिनं कापतं. बीटा-सिक्रिटेज रोखणारं व्हेरुबेसेस्टॅटही २०१८ पर्यंत मागे पडलं. लेकानेमॅबसारखी नवी प्रतिपिंडं साचलेलं अमायलॉइड काढतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत लेकानेमॅबमुळे १८ महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, पण गेलेली स्मृती परत आली नाही. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात आहे.

अॅडॅप्टर आणि एपीपी यांची जोडणी बदलून अल्झायमरवर इलाज करणारं औषध आज बाजारात नाही. म्हणून ‘अमायलॉइड धुऊन काढतो’ म्हणणाऱ्या चूर्णा-गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे जावं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांमुळेही विस्मरण होतं, आणि या तिन्हींवर उपचार आहेत.